मालक कोण, हे हमालालाही माहीत नव्हतं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात भर दुपारी जळगावच्या रस्त्यावर कोण दिसतं? पारा ४५च्या वर, कुत्रंही सावली सोडत नाही. अशात तोंडाला रुमाल बांधून, पाठीवर भली मोठी बॅग घेऊन फिरतात ती डिलिव्हरीची पोरं. त्यांनी युनियन करावी का, यावर आज बोलतो.

अमेरिकेत यूपीएस ही पार्सल पोहोचवणारी अवाढव्य कंपनी आहे. तिथल्या सुमारे ३,४०,००० कामगारांची युनियन म्हणजे टीमस्टर्स. २०२३च्या उन्हाळ्यात संपाच्या तयारीनंतर करार झाला. पगार वाढलाच, पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळं कलम: १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या डिलिव्हरीच्या नव्या गाड्यांना एसी. उन्हाचाही करार होतो, हे भुसावळच्या माणसाला सांगून पटायचं नाही!

तिथले ते कंपनीचे पगारी कामगार. आपल्या पोराला मात्र कंपनी 'पार्टनर' म्हणते. भागीदारी कसली, तर पेट्रोल याचं, टायर याचे, पडला तर गुडघाही याचाच. पगारच नाही, तर भांडायचं कोणाशी?

मार्केट यार्डातला हमाल आठवा. सकाळी एका आडत्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मालक कोण म्हटलं, की जो तो शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवणार. अण्णासाहेब पाटलांनी अशाच माथाड्यांची संघटना बांधली आणि १९६९मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालकांची नोंद, हमालांची नोंद, मजुरी माथाडी मंडळात जमा, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर मालकाने भरायची ठरावीक टक्केवारी. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. एकच मालक नसला म्हणून काही अडलं नाही. माझ्या मते आपल्या पोरांनी अमेरिकेपेक्षा या हमालाकडे पाहावं.

२०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता आता लागू आहे. डिलिव्हरीच्या ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, असं ती म्हणते. पण किलोमीटरला रेट किती, आयडी, म्हणजे पोराचं ॲपवरचं खातं, बंद करण्याआधी विचारायचं की नाही, हे त्यातून मिळत नाही. ते बोलून, भांडूनच घ्यावं लागतं.

पोरं म्हणतात, "दोन वरीसनं काम, मंग युनियन कशाले?" दोन वर्षं म्हणून लागलेले पाचव्या वर्षीही तीच बॅग वाहताना मी पाहतो. दुसरी भीती आयडीची, आणि ती खोटी नाही. एकटा बोलला तर त्याचा आयडी जाईलही. चंदा खाणारे पुढारीही आपण पाहिलेत. म्हणून वहीखातं पोरांनी स्वतःकडेच ठेवावं. हमालाची टोळी रोजचा हिशेब रोज करते, तसं.

युनियनच्या नोंदणीच्या अर्जाला सात जण लागतात. शिवाय त्या कंपनीतले किंवा उद्योगातले १० टक्के किंवा १०० कामगार, जो आकडा कमी असेल तेवढे, सभासद हवेत. शंभर जमवायला वेळ लागेल. सात मात्र ऑर्डरची वाट पाहत अजिंठा चौफुलीच्या टपरीवर आत्ताही बसलेले असतील.