डुक्कर, पाणघोडा आणि गावगाडा

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘पार्सन्स आणि व्यवस्थेच्या चार गरजा’ असं छापलंय. पार्सन्स म्हणजे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. तिथवर जाऊच, पण आधी डुकराचा निकाल लावू.

संरचनात्मक कार्यवाद म्हटलं की उत्तरपत्रिकेत ठरलेलं वाक्य येतं: समाज म्हणजे शरीर, संस्था म्हणजे अवयव. पाच गुण! ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९३५च्या निबंधात ही उपमा नेमकी मांडली. पेशी येतात-जातात, रचना टिकते. ती टिकवण्यात ज्याचा जो वाटा, ते त्याचं कार्य. इथवर सगळ्यांचं पाठ असतं. पण त्याच निबंधात ते सांगतात की उपमा इथे थांबते. डुकराचा पाणघोडा होत नाही. समाज मात्र न मरता आपली रचना बदलू शकतो. गाइडवाल्यांनी नेमका तो पाणघोडाच गाळला. (हसताय म्हणजे गाइड वाचलेलं दिसतंय.)

तो गाळला की काय होतं, ते बलुत्यात बघा. कार्यवादी वाचन खरंच देखणं आहे. पेरणी तोंडावर आली आणि नांगर मोडला, तर सुतार आजच हवा. रोकड तर घरात नाही. म्हणून दर कामाला मजुरी न देता सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा. कुणब्याला वर्षभर कारागिराची खात्री, कारागिराला पोटाची. पीक बुडालं तर दोघांचंही बुडालं. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी आणि त्याप्रमाणे वाटा. बाराजणांची यादी मात्र गावागणिक बदलते, त्यावरून भांडू नका.

आता महार वतन घ्या. त्यातही बलुतं आणि थोडी इनाम जमीन होतीच. बदल्यात सरकारी काम, तेही रात्री-अपरात्री, कुटुंबातल्या कुणालाही जुंपून. १८७४च्या कायद्याने हे वंशपरंपरेला बांधलेलं. व्यवस्था ‘चालत’ होती, यात शंका नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा मुद्दा हाच होता: चालते, पण कुणासाठी? महार वतनासारखी कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा थेट १९५८चा. आपल्या भाषेत शब्द तरी बघा, गावगाडा! देह नव्हे, गाडा. गाडा म्हटला की जुवाखाली कोण आणि आत बसलंय कोण, हे दिसतंच. देहात ते झाकलं जातं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत.

मर्टन, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, १९४९. कार्यवादाचीच तीन गृहीतकं खोडली: प्रत्येक प्रथा अख्ख्या समाजाला उपयोगी असते, प्रत्येक प्रथेला कार्य असतंच, आणि तिला पर्याय नसतो. शिवाय प्रकट (ठरवून साधलेलं) आणि सुप्त (नकळत घडणारं) कार्य वेगळं केलं, अपकार्य, म्हणजे व्यवस्थेला बाधणारा परिणाम, जोडलं. पेपरात प्रथा आली की आधी गट लिहा, मग त्या-त्या गटापुढे कार्य की अपकार्य ते. क्रम उलटला की उत्तर फसतं.

आता पार्सन्सच्या चार गरजा: परिस्थितीशी जुळवून घेणं, ध्येय गाठणं, एकत्र बांधणं, मूल्यांचा साचा जपणं. त्या भागवतात अर्थव्यवस्था, राज्यसंस्था, कायदा, आणि कुटुंब-शाळा, त्याच क्रमाने.

विषमतेचं कार्यवादी समर्थन, डेव्हिस आणि मूर, १९४५: महत्त्वाच्या जागी लायक माणसं यावीत म्हणून मोबदला विषम. त्यावर ट्यूमिनचा आक्षेप, १९५३: वरच्या जागांची वाट गरिबाच्या पोराला आधीच बंद असेल, तर लायकी तपासली कुणी? सुताराचा पोरगा सुतारच होणार हे जन्माआधी ठरलेल्या गावात तर हा प्रश्न विचारायलाही जागा नव्हती.

घंटा झाली. पार्सन्सवर राग असेल तर प्रश्नोत्तरात काढा.