‘मोबदला म्हणून’ की ‘संबंधात’? कायद्याच्या शब्दांतलं स्त्रियांचं काम

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘महिला आमदार-खासदार कायदा कसा घडवतात’. लांजा-राजापूरकडून आलेल्यांना शेवटची एसटी गाठायची आहे, तेव्हा प्रास्ताविक नको.

हा विषय निघाला की आधी आकडा विचारतात. आपल्या विधानसभेत जागा २८८, आणि २०२४ साली निवडून आलेल्या स्त्रिया २१. आपल्या किनाऱ्यावरच्या म्हणाल तर श्रीवर्धनच्या आदिती तटकरे. हा आकडा सलतो, सलायलाच हवा. पण मतदानाच्या वेळी हात मोजून या स्त्रियांचं काम कळणार नाही. पक्षादेश निघाला की पक्षाचे सगळे हात एकदम वर जातात. काम बघायचं तर कलमातल्या शब्दांपाशी जायला हवं.

१९६१चा हुंडा प्रतिबंधक कायदा घ्या. दोन्ही सभागृहांचं जमेना, म्हणून त्या मे महिन्यात संसदेची संयुक्त बैठक बोलवावी लागली. प्रजासत्ताकातली ती पहिलीच. एवढ्या खटपटीने झालेला कायदा पुढे वीस वर्षं कोर्टात फारसा चालला नाही. व्याख्याच अशी होती: हुंडा म्हणजे ‘विवाहाचा मोबदला म्हणून’ दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता. मोबदला हा कराराच्या कायद्यातला शब्द. हे दिलं म्हणूनच ते लग्न झालं, असं सिद्ध करावं लागायचं.

आता आपल्याकडची बैठक आठवा. मुलगा मुंबईत नोकरीला. ‘आमचं काही मागणं नाही’ असं चारचौघांत मोठ्याने सांगून झालेलं असतं, सुपारी फुटलेली असते. चहाचे कप आत गेले की मुलाचा काका हळूच म्हणतो, ‘डोंबिवलीच्या खोलीचं डिपॉझिट तेवढं राहिलंय हो.’ हसलात, म्हणजे ओळखलंत! या वाक्यात मोबदला कुठे दाखवणार? समोरचा वकील म्हणणार, सासऱ्याने जावयाला हातभार लावला. कायद्याला जोडलेलं स्पष्टीकरणही त्याच्याच बाजूचं: लग्नात दिलेली रोकड, दागिने, कपडे हे मोबदला म्हणून दिल्याचं ठरलं नाही, तर तो हुंडाच नव्हे.

अडथळे आणखीही होते. हुंडा मागितल्याबद्दल खटला भरायचा तर राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागे. तक्रार वर्षाच्या आत करायची. शिवाय देणाराही गुन्हेगार, मग मुलीचा बाप कोर्टाची पायरी कशाला चढेल?

दंडवते म्हटलं की या सभागृहात सगळ्यांना राजापूरचे खासदार मधू दंडवते आठवतात, पाठोपाठ कोकण रेल्वे. १९८० साली त्याच लोकसभेत मुंबई उत्तर-मध्यमधून त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते निवडून आल्या होत्या, हे मात्र सांगावं लागतं. त्यांनी हुंडा कायद्याच्या दुरुस्तीचं अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं. त्यासाठी लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात, आणि तोवर बरेच सदस्य मतदारसंघाच्या गाडीत बसलेले असतात.

पुढे कायद्याच्या तपासणीसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. अध्यक्ष कृष्णा साही, त्याही खासदार. समितीचं म्हणणं पडलं की ‘मोबदला म्हणून’ हे सिद्ध होणं जवळजवळ अशक्य आहे, ते शब्द काढूनच टाका. सरकार म्हणालं, नुसते काढले तर व्याख्या फार पसरेल. अखेर १९८४च्या दुरुस्तीत ‘विवाहाच्या संबंधात’ असे शब्द आले. ते स्पष्टीकरण गेलं, सरकारची पूर्वपरवानगी गेली, वर्षाची मुदतही गेली. मुलीच्या नातेवाइकांना आणि मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थांनाही तक्रार करता येऊ लागली. काकांचं डिपॉझिट आता व्याख्येत बसू शकतं.

अशासकीय विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत. संसदेत आजवर अशा चौदाच विधेयकांचे कायदे झाले, शेवटचं १९७० साली. त्यांतलं एक टिहरीच्या राजमाता कमलेंदुमती शाह यांचं, स्त्रिया आणि मुलांच्या संस्थांना परवाना सक्तीचा करणारं. एरवी मंत्री उठून सांगतात, ‘सरकार स्वतःच विधेयक आणील’, आणि सदस्य आपलं मागे घेतो. याला अपयश म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. आपल्या ‘पाणीवाल्या बाई’ मृणाल गोरे यांनी १९८६ साली विधानसभेत गर्भलिंगचाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं, आणि १९८८ साली राज्याने स्वतःचा कायदा केला. देशातला पहिला. उणीव एवढीच की तो राज्यापुरता होता. बांद्याहून निघून गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की कायदा मागे राहिला. म्हणून १९९४ साली केंद्राला कायदा करावा लागला.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय, आणि कबूल केलेला भाग तर आत्ता सुरू होतोय. भरभर सांगायला हवं.

विधेयकाची तीन वाचनं होतात. पहिलं मांडणीचं, तिथे सहसा काही घडत नाही. दुसऱ्यात कलमवार विचार होतो, आणि शब्द बदलण्याची जागा ती. पण दुरुस्तीची लेखी सूचना आधी द्यावी लागते. नुसतं जोरदार भाषण केलं तर कलम आहे तसंच मंजूर होतं. तिसऱ्या वाचनात मोठा बदल होत नाही. म्हणून आमदारांना निवेदन देताना ‘कायदा कडक करा’ असं लिहू नका. कलम क्रमांक, काढायचे शब्द, घालायचे शब्द, एवढंच लिहा, आणि तेही दुसऱ्या वाचनाच्या आधी पोचवा.

विधेयक समितीकडे गेलं तर फारच चांगलं. २००२च्या कौटुंबिक हिंसाचार विधेयकात ‘सवयीने’ मारहाण करणं म्हणजे हिंसा, असं होतं. म्हणजे पहिली थप्पड माफ! हा शब्द काढा, असं स्त्री संघटनांनी लावून धरलं, संसदीय समितीनेही आक्षेप घेतला. २००५च्या कायद्यात तो शब्द नाही.

शेवटचं, नियम. कायदा झाला की नियम सरकार करतं आणि तिकडे कुणी बघत नाही. हुंडा कायद्याखाली १९८५ पासून भेटवस्तूंच्या यादीचे नियम आहेत. वधूच्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. या मे महिन्यात ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठी कोऱ्या यादीचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. दोन-दोन घ्या, एक व्याह्यांना द्या.