वर्षातला एक दिवस गोतावळ्याचा

मंडळी, विषय दिलाय ‘कुटुंबाचा वार्षिक मेळावा टिकवायचा कसा’. ते सांगतोच, पण आधी तो हवा कशाला ते बोलू द्या.

आपण पै-पाहुणे भेटतो कुठं? लग्नात, नाहीतर रक्षाविसर्जनाला. लग्नात यजमानाला बोलायला सवड नसते, रक्षाविसर्जनात कुणाला शब्द सुचत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालानं आपलाच पोरगा ओळखू येत नाही, तिथं चुलत आत्याची सून काय ओळखणार! काही निमित्त नसताना सगळी नुसती भेटायला म्हणून जमतात, त्यातलं सुख वेगळंच आहे बघा.

आम्ही २६ जानेवारी धरलाय. झेंडावंदन उरकलं की सगळ्यांना सुट्टी, आणि गुऱ्हाळंही चालू असतात. पुण्या-मुंबईची पोरं उसाचा रस आटवायच्या काहिलीपासून हलत नाहीत. गरम काकवी पहिल्यांदा चाखणाऱ्या पोराचा चेहरा बघायला तरी या एकदा.

आणि मग रस्सा. हे जरा सविस्तर सांगतो, कोल्हापुरात आहोत म्हटल्यावर सांगायलाच पाहिजे. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, उतरलं की पांढऱ्या रश्श्याचा वाद सुरू. धाकटी आत्या म्हणते, खसखस आणि तीळ, बाकी काही नको. चुलतबहीण म्हणते, काजू घातल्याशिवाय दाटपणा येत नाही. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि नंतर खळखळून उकळू द्यायचं नाही, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत. एका वर्षी दोघींनी वेगवेगळी पातेली चढवली. सगळा गोतावळा वाट्या घेऊन इकडून तिकडं. म्हातारे काका दोन्हीकडं जाऊन ‘अजून नीट कळलं नाही’ म्हणत परत वाटी पुढं करायचे. आत्याचं पातेलं आधी रिकामं झालं. पुढच्या वर्षी बहीण आदल्या रात्रीच आत्याकडं मुक्कामाला आली, खसखस वाटायला. शेताच्या वाटणीपासून त्या दोन घरांत जाणं-येणं बंद होतं, मंडळी. ते त्या पातेल्यानं सुरू केलं.

आता माझी खरी तक्रार. त्याच मेळाव्यात आमच्या भाऊकीची वंशावळ भिंतीला लावली होती. बहिणीची नात बोट फिरवत विचारते, ‘आजोबा, माझी आजी कुठाय?’ नव्हती. एकही लेक नव्हती, एकही सून नव्हती. जिच्या हातचं सगळे जेवत होते, ती आत्यासुद्धा नव्हती. अहो, ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानंच लेकाइतका हक्क दिलाय, आणि आपल्या तक्त्यात तिला एक चौकोन नाही? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. चिखलीतली आमची माणसं जनावरांसकट कुठं राहिली? लेकीच्या सासरी. भाऊकीची सगळी घरं तर त्याच पाण्यात होती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, टिकवायचं कसं ते भराभर सांगतो. तारीख कायमची ठरवा, दरवर्षी विचारत बसू नका. खर्च घरटी सारखा नको, ज्याला जेवढं झेपेल तेवढं, आणि कुणी किती दिले ते वाचून दाखवायचं नाही. यजमानपद फिरतं ठेवा, त्यात लेकींच्या सासरचीही पाळी येऊ दे. जावयांना खुर्चीत बसवून ठेवू नका, वाढायला घ्या, एका पंगतीत घरचे होतात. वाटणीचा विषय त्या दिवशी बंद. आणि म्हाताऱ्यांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करा, हे काम नातवंडांचं.

वंशावळीचे कोरे तक्ते आणलेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत. त्यात लेकी-सुनांचे चौकोन आहेत. जाताना घेऊन जा, आणि घरी गेल्यावर आधी आजीचं माहेरचं नाव विचारून लिहा.