एअरबॅगचा दिवा विझत नाही तेव्हा

गाडीची चावी 'ऑन' केली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटतो आणि आपोआप विझतो. तेवढ्या वेळात, मधल्या कन्सोलखाली बसवलेले एअरबॅग मॉड्यूल स्वतःशी जोडलेल्या प्रत्येक तारेची तपासणी करून घेते. समोर उभ्या असलेल्या २००४ सालच्या या सेडानमध्ये मात्र दिवा पेटलेलाच राहतो, आणि स्टिअरिंग डावीकडे वळवले की हॉर्नही वाजेनासा होतो. या दोन तक्रारी एकत्र आल्या की जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन सर्वप्रथम क्लॉक स्प्रिंगवर संशय घेतो.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या मागे, प्लॅस्टिकच्या गोल डबीत गुंडाळून ठेवलेली चपटी केबल. चाक फिरते, मॉड्यूल जागचे हलत नाही आणि तरीही दोघांमधली जोडणी अखंड राहावी लागते. म्हणून एअरबॅगच्या आणि हॉर्नच्या तारा याच केबलमधून नेलेल्या असतात. वर्षानुवर्षे गुंडाळली जाऊन आणि सुटून तिची एखादी तार तुटते, आणि पुष्कळदा ती ठरावीक कोनातच संपर्क सोडते.

गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर 'चालकाच्या एअरबॅगचे सर्किट खुले', म्हणजे कुठेतरी तुटलेले, असा कोड मिळतो. स्वस्तातले अनेक स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात, त्यामुळे इथे एअरबॅगचे कोड वाचणाराच स्कॅनर लागतो. तरीही कोड दोष सर्किटमध्ये आहे एवढेच सांगतो; तो एअरबॅगमध्ये आहे, केबलमध्ये आहे की कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये), हे माणसालाच शोधावे लागते.

एअरबॅग पेटवणाऱ्या स्क्विबचा रोध साधारण दोन ओहम असतो. मॉड्यूल त्यातून अगदी क्षीण धारा सोडून हा रोध मोजत राहते. अपघाताच्या वेळी मात्र एका अँपिअरहून अधिक धारा जेमतेम एक-दोन मिलिसेकंद सोडली की स्क्विब पेटतो. रोध मोजताना मल्टिमीटरही स्वतःची धारा सोडतो, म्हणूनच तो स्क्विबला थेट लावणे निषिद्ध आहे, मग मीटर कितीही चांगल्या प्रतीचा असो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि मॉड्यूलमधले, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचे. उतरवलेली एअरबॅग सजावटीची बाजू वर करूनच ठेवायची.

आता एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा प्रतिरोधक जोडला जातो. बॅटरी जोडून कोड पुसल्यावर तो परत आला नाही, तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या कपलरमध्ये असतो. परत आला, तर केबलकडे किंवा हार्नेसकडे, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याकडे, पाहायचे. इथे तो परत येतो. बॅटरी पुन्हा सोडवून तोच प्रतिरोधक स्टिअरिंग कॉलमखालच्या कपलरवर लावल्यावर मात्र कोड येत नाही, म्हणजे तार क्लॉक स्प्रिंगमध्येच तुटलेली आहे.

खेदाची गोष्ट अशी की जुन्या गाड्यांच्या बाजारात हाच प्रतिरोधक फसवणुकीसाठीही वापरला जातो. एअरबॅग नसलेल्या गाडीत तो कायमचा बसवला की दिवा अगदी शहाण्यासारखा पेटतो आणि विझतो.

बॅटरी सोडवून बाहेर काढलेली क्लॉक स्प्रिंग मीटरने तपासण्यास हरकत नाही, परंतु नवशिक्याची हमखास फसगत इथेच होते. एअरबॅग चुकून पेटू नये म्हणून पिवळ्या कपलरमध्ये दोन्ही पिना आपसात जोडणारी एक धातूची पट्टी असते, आणि कपलर सुटला की ती आपोआप बसते. केबलच्या दोन्ही टोकांना अशी पट्टी असेल, तर तुटलेली तारही शेजारच्या तारेतून फिरून आलेल्या मार्गामुळे शाबूत भासते. म्हणून मॅन्युअलप्रमाणे त्या पट्ट्या आधी वेगळ्या कराव्या लागतात आणि मगच, केबल हळूहळू फिरवत, प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावी लागते. डावीकडे फिरवताना मीटरचा आकडा अनंतावर उडी घेतो, तीच ती तार.

नवी क्लॉक स्प्रिंग बसवताना पुढची चाके सरळ ठेवून डबी मध्यस्थितीत आणावी लागते. अनेक गाड्यांत ती एका टोकापर्यंत फिरवून सुमारे अडीच फेरे मागे आणतात आणि खुणा जुळवतात. हे मोजमाप चुकले, तर पहिल्याच पूर्ण वळणात नवी केबलही ताणली जाऊन तुटते. एअरबॅग जोडून झाल्यावर चावी 'ऑन' करताना तिच्यासमोर कोणी बसू नये. मग कोड पुसायचे, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहायचे आणि हॉर्न प्रत्येक कोनात वाजवून बघायचा.