पाहिलं, ऐकलं, सापडलं

(पहाट. गांधी गेटची कमान. दूधवाल्याच्या सायकलची घंटी.)

रविवार, सकाळचे साडेसहा. नागपूरच्या महाल भागात गांधी गेटपाशी वीसेक माणसं जमली आहेत. एक निवृत्त शिक्षिका आहेत, इतवारीतले एक किराणा दुकानदार आहेत, कॉलेजात शिकणारी चार पोट्टी आहेत. आणि एक आजोबा आहेत, जे या कमानीखालून लहानपणापासून ये-जा करत आले आहेत. प्रत्येकाच्या हातात वही आहे. वहीच्या पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले आहेत : पाहिलं, ऐकलं, सापडलं.

आमच्या इतिहास मंडळाचा सगळा कारभार या तीन रकान्यांवर चालतो. डोळ्यांनी जे दिसलं ते पहिल्यात, लोकांनी सांगितलं ते दुसऱ्यात, कागदात किंवा दगडावर जे मिळालं ते तिसऱ्यात. एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात सरकवायची नाही. माहीत नसेल तिथं जागा कोरी ठेवायची. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो, आणि तेच अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

(कमान जवळून. मग तलावाचं पाणी.)

ही कमान म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं शहराला कोट घातला, वेशी बांधल्या. जवळचा तलाव तो जुम्मा तलाव. पुढं त्याला शुक्रवारी म्हणू लागले, आता गांधीसागर म्हणतात. जुम्मा काय नि शुक्रवार काय, वार एकच. भाषा बदलली, पण नाव आपल्या वाराला चिकटून राहिलं. इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही नावं घेत आपण रोज ऑटोवाल्याला पत्ता सांगतो, ती या शहराच्या आठवडी बाजारांची आठवण आहे.

(नकाशावर बोट फिरतं.)

बख्त बुलंद शाहनं बारा वाड्या जोडून शहर केलं, असं सांगतात. त्या समूहाला म्हणत राजापूर बारसा. मंडळाचं पहिलं काम याच वाड्या हुडकण्याचं होतं. सीताबर्डी आणि सक्करदरा सगळ्यांना ठाऊक. फुटाळा तलावामुळं टिकला. लेंढरा उरला तो रामदासपेठेतल्या लेंड्रा पार्कच्या नावात. हिवरी झाली हिवरीनगर. भानखेडा अजून भानखेडाच आहे, आणि तिथल्या रहिवाशांना आपण एका वाडीत राहतो हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला या चित्रफितीत धरता आलं नाही. काही वाड्यांच्या पुढचा रकाना मात्र आजही कोरा आहे.

(शनिवार संध्याकाळ. माजघर. सतरंजीवर कागद.)

आता मोडी लिपीच्या वर्गाकडे जाऊ. इथं जरा थांबणार आहे, कारण मंडळाचा जीव इथं आहे.

भोसल्यांच्या काळात नागपूरचा दरबारी आणि घरगुती व्यवहार बराचसा मराठीत चाले आणि मोडीत लिहिला जाई. इंग्रजांनी १८५४ साली राज्य खालसा केलं. पण घराघरांत वाटणीपत्रं, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या याद्या पुढंही कितीतरी वर्षं मोडीतच लिहिल्या गेल्या. आज त्या कपड्याच्या बासनात, पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या माळ्यावर पडून आहेत. आजोबांच्या हातचं म्हणून कोणी फेकत नाही आणि येत नाही म्हणून कोणी वाचतही नाही.

मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई, आणि मग बोरूनं अक्षरं त्या रेघेला टांगत जाई. हात उचलायचा नाही, अक्षराला अक्षर जोडत जायचं. शब्द कुठं संपला ते कागद सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही. शिकणारा पहिले दोन महिने ओळीकडं नुसता बघत बसतो. मग एके दिवशी 'सु॥', 'बाा' अशी शब्दांची आखूड रूपं दिसतात, आणि ओळ उकलायला लागते.

सगळ्यात जास्त घाम फोडते ती तारीख. जुन्या कागदांत साल अरबी शब्दांत येतं. 'इसन्ने मयातैन व अलफ' म्हणजे दोन, दोनशे आणि हजार, म्हणजे १२०२. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १८०१. पण महिना जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे, कारण हा सन मृगाला सुरू होतो. पावसाचं पहिलं नक्षत्र लागलं की नवं साल! म्हणून याला मृगसालही म्हणत. वर्गातल्या एका शेतकरी काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, मग हे साल आमचंच आहे. त्या दिवसापासून तारखांचा हिशोब काकांकडंच असतो.

एक नियम इथं कडक आहे. कागद घरातून उचलायचा नाही. घरच्या माणसासमोर फोटो काढायचा, पेटी पुन्हा त्यांच्याच हातात द्यायची. जमिनीच्या वाटणीचा कागद असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय त्यातलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. दोन भावांमध्ये आधीच न्यायालयात काही चालू असतं, आणि आपण इतिहास शोधायला गेलेलो असतो, घरात आग लावायला नाही.

(झिरो माईल. चार घोडे, वाळूच्या दगडाचा खांब.)

झिरो माईलचा दगड नागपुरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 'ऐकलं'च्या रकान्यात प्रत्येकानं लिहिलं : देशाचा मध्यबिंदू. मग पोरांना दगडाजवळ नेलं आणि वाचायला लावलं. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही १९०७ सालची खूण. तिच्यावर आहे ती उंची, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. 'सापडलं'च्या रकान्यात तेवढंच गेलं. एका मुलीला वाईट वाटलं. तिला सांगितलं, समुद्रापासून इतक्या दूरच्या जागेची उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत येणारी माणसं होती, याचा अभिमान कमी आहे का?

(काटोल रस्ता. माळरान. दगडांची वर्तुळं.)

पावसाळा सरला की जुनापाणी. शहराबाहेर, काटोल रस्त्याच्या बाजूला, लोहयुगातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे धोंडे गोल मांडलेले, काहींवर वाटीसारखे कोरलेले खळगे. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं यांच्याबद्दल लिहिलं. जवळच्याच माहूरझरीच्या उत्खननात अशा वर्तुळांखाली घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले. आपलं जनावर इतकं सजवून मातीत ठेवणारी ती माणसं कोण होती, याचा विचार करत माळावर बसलं की पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारा आपला शेतकरी आठवतो. हे माझं मन सांगतं. वहीत हे लिहिलेलं नाही.

इथं आलो की स्टीफन हिस्लॉप यांचं नाव घेतल्याशिवाय आम्ही परतत नाही. कॉलेजमुळं ते नाव नागपुरात सगळ्यांच्या तोंडी आहे, माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही. स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवली, जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांची गाणी आणि कथा टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट-बोरीकडची शिळावर्तुळं पाहून परतताना ते भरलेल्या नाल्यात वाहून गेले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. माणूस गेला, पण त्यानं ऐकलेलं गाणं कागदावर होतं म्हणून राहिलं. आम्ही पावसात जुनापाणीला जात नाही, ते याच आठवणीनं.

(मिलची जुनी भिंत. टेबलावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र.)

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. मिल गेली, पण तिच्यात राबलेली माणसं अजून या शहरात आहेत, आणि त्यांचं वय आमच्यासाठी थांबत नाही. म्हणून सध्या मंडळाचा जोर इथं आहे. प्रश्न साधे असतात. काका, भोंगा किती वाजता होत होता जी? बदली कामगार असताना दारात किती वेळ उभं राहावं लागे? डब्यात काय असे? कापसाचा बारीक तंतू नाकातोंडात कसा बसे, हे एका काकांनी नुसतं हाताच्या खुणेनं दाखवलं आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. ती शांतता आम्ही कापलेली नाही. मुद्रणात ती तशीच आहे.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काही सभासद मारबतीच्या, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत असतात. काळी मारबत आणि पिवळी मारबत वर्षानुवर्षं त्याच, पण बडग्यांवरच्या, म्हणजे सोबतच्या पुरुषी पुतळ्यांवरच्या, पाट्या दरवर्षी नव्या. त्या वर्षी लोकांना काय खुपत होतं ते त्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, आणि दिवस मावळायच्या आत ते सगळं जळून जातं. त्याआधी फोटो काढायचे, पाटी शब्दन्‌शब्द उतरून घ्यायची.

(महालातला वाडा. ओसरी. आजींच्या मांडीवर फोटो.)

आजचा शेवटचा थांबा. फोटोत चार बायका आहेत, नऊवारीत, एका विहिरीच्या काठाशी. शिक्षिका बाई आजींच्या शेजारी बसल्या आहेत. हातात मऊ शिशाची पेन्सिल, कारण शाईचा डाग पुढून उमटतो. आजी बोटानं दाखवत जातात. ही माझी सासू. ही तिची जाऊ. ही शेजारची, हिच्या हातचे सांडगे आमच्याकडं येत. चौथीवर बोट थांबतं. आजी चष्मा काढून पुसतात, पुन्हा लावतात, फोटो उजेडाकडं धरतात.

बाईंनी फोटोच्या मागं तीन नावं लिहिली. चौथ्या नावापुढं एक छोटी रेघ ओढली, आणि पुढच्या रविवारी आजींच्या धाकट्या नणंदेकडं जायचं ठरलं.