केसपेपरच्या आधीची रांग

सकाळचे साडेसात. उपजिल्हा रुग्णालयातली केसपेपरची खिडकी अजून बंद आहे. तिच्यापुढे पिशव्यांनी नंबर धरलेत आणि पहिल्या एसटीने आलेली माणसं कट्ट्यावर बसलीत. त्यांचं हे थांबणं कुठल्याच नोंदीत येणार नाही. संगणकावर वेळ उमटते ती केसपेपर निघाल्यावर.

म्हणून रुग्णाला किती वेळ थांबावं लागतं याची मोजणी फाटकापासून करायची. आलेल्या प्रत्येकाच्या हाती वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायची. मग केसपेपर, डॉक्टरांचं दार, रक्ततपासणी, औषधांची खिडकी, अशी दर ठिकाणी तिच्यावर वेळ टाकायची. घड्याळं आधी जुळवून घ्या. नाहीतर रुग्ण डॉक्टरांना भेटण्याआधीच औषध घेऊन गेलेला दिसतो. बाजारचा दिवस वेगळा, सोमवार वेगळा, म्हणून सलग आठवडाभर मोजावं.

क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळालं की खिडकीवरची गर्दी ओसरते. तीच गर्दी डॉक्टरांच्या दाराशी साचली का, हे टप्पे वेगळे मोजले तरच दिसतं.

सरासरीवर थांबू नये. नऊ जणांना 20 मिनिटं लागली आणि दहाव्याला 3 तास, तर सरासरी येते 36 मिनिटं. तेवढा वेळ थांबलेला तिथे एकही जण नसतो. वेळेनुसार क्रम लावल्यावर मधोमध येणाऱ्या रुग्णाला किती वेळ लागला आणि सर्वांत जास्त थांबलेल्या दहा टक्क्यांना किती, हे दोन्ही लिहा.

आणि परत न आलेल्या चिठ्ठ्या! त्या टाकून देऊ नका, मोजणीतला सर्वांत मोलाचा भाग तोच. रक्ताचा रिपोर्ट दुपारनंतर मिळणार आणि गावाची एसटी त्याआधीच सुटणार असेल, तर माणूस तपासणी अर्धी सोडून निघतो.

सोनोग्राफीसारख्या तारखेच्या कामाला वेगळं माप लागतं. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी विचारायचं: आज नाव नोंदवलं तर तिसरी रिकामी वेळ कधीची? पहिली वेळ कुणीतरी ऐनवेळी रद्द केल्यामुळे मोकळी झालेली असू शकते, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. दिवस मोजताना रविवार, सुट्ट्या सगळं धरायचं. दुखणं त्या दिवशीही अंगावर असतंच.

फाटकापर्यंत न पोचलेल्यांसाठी मात्र वस्तीवरच जावं लागतं. गेल्या 15 दिवसांत घरात कोण आजारी होतं, कुठे दाखवलं, नसेल तर का नाही? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे ‘खर्च किती आला?’ एवढंच विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही.’ सोबत कोण गेलं, दोघांचं जाण्या-येण्याचं भाडं किती झालं, किती दिवसांची मजुरी बुडाली, हे एकेक करून विचारावं.