‘सायनस झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

(दृश्य : सकाळचं अंगण. रांगोळी काढायला वाकलेली बाई मध्येच थांबते, गालाच्या हाडावर बोटं दाबून धरते.)

वाकलं की डोकं ठणकतं. नाक चोंदलंय, वास येत नाही, वरच्या दाढाही ठसठसतात. घरातून कुणीतरी म्हणतं, “तुला सायनस झालाय.”

पण सायनस होत नाही, तो असतोच. गालांमागे, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि पार आत कवटीच्या तळाशी, हाडांमधल्या हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या म्हणजे सायनस.

(दृश्य : कवटीचा नमुना. गालाच्या पोकळीवर उजेड.)

सगळ्यात मोठी ही गालातली. हिची रचना बघा. निचऱ्याचं भोक तळाशी नाही, वर, जवळजवळ छताशी आहे. अस्तरावरचे सूक्ष्म केस आतला चिकट स्राव रात्रंदिवस वर ढकलत असतात. सर्दीत अस्तर सुजतं, ते इवलंसं भोक बुजतं आणि स्राव आत कोंडतो. वरच्या दाढांची मुळं याच पोकळीच्या तळाला लागून, म्हणून दाढ दुखते. कधी उलटंही होतं. किडलेल्या दाढेतला संसर्ग वर चढतो.

ही सूज म्हणजे सायनुसायटिस. ‘आयटिस’ म्हणजे दाह. नाकही बहुतेक वेळा सोबत सुजतं, म्हणून डॉक्टर ‘रायनोसायनुसायटिस’ लिहितात.

त्याच्या आधी ‘ॲक्यूट’ किंवा ‘क्रॉनिक’ असतं. ‘ॲक्यूट’चं मराठी आपण ‘तीव्र’ करतो आणि माणूस उगाच धास्तावतो. इथे हे शब्द दुखण्याचा जोर सांगत नाहीत, मुक्काम सांगतात. चार आठवड्यांच्या आत आटोपलं तर ॲक्यूट, बारा आठवडे उलटूनही हटलं नाही तर क्रॉनिक.

(दृश्य : औषधांचा डबा, अर्धवट संपलेली गोळ्यांची पट्टी.)

शेंबूड हिरवा झाला म्हणून मागच्या वेळच्या अँटिबायोटिक गोळ्या काढू नका. रंगावरून जिवाणू ओळखता येत नाहीत, आणि बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो. दहा दिवसांत उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा उलटलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये काळी बुरशी अनेकांच्या, विशेषतः मधुमेह असलेल्यांच्या, सायनसमधूनच डोळ्यापर्यंत पोचली होती. डोळा आणि शेजारची पोकळी यांच्या मधलं हाड कागदाइतकं पातळ असतं.